चराऊ गुरे आणि माळाच्या मृदेतील सूक्ष्मजीव : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

बुलढाणा जिल्ह्याचे नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या वाङ्मयात येते ते प्रायः लोणारच्या सरोवरामुळे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या त्या विवरातील खाऱ्या व अल्कधर्मी पाण्यात कोणते जीव तग धरून राहतात, हा प्रश्न अनेक अभ्यासकांनी हाताळला आहे. आणि २०२० च्या जून महिन्यात ते पाणी गुलाबी दिसू लागले तेव्हा त्याचे कारण क्षारप्रिय आर्किया असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळल्याने हा विषय वृत्तपत्रांतही गाजला. जिल्ह्यातील माळांवर चरणाऱ्या गुरांच्या खुराखाली काय चालते, या प्रश्नास तसले आकर्षण नाही. तथापि येथील शेतकऱ्याचा व्यवहार लोणारच्या पाण्याशी नसून माळाच्या मातीशी आहे, आणि तिच्याविषयीचे निर्णय प्रयोगशाळेत नव्हे, तर ग्रामसभेत घेतले जातात.

तो निर्णय बहुधा एकाच शब्दात मांडला जातो : चराईबंदी. पाणलोट विकासाच्या कार्यक्रमांनी कुऱ्हाडबंदीच्या जोडीने हा शब्द महाराष्ट्रभर रूढ केला. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे बंदीनंतर गवत वाढले, हे सर्वश्रुत आहे. उलट पक्षी, ज्यांची उपजीविका कळपावर चालते त्यांस ही बंदी म्हणजे घराचे दार बंद होण्यासारखी वाटते. वादात दोन्ही पक्ष ‘चराई’ ही एकच अखंड गोष्ट आहे असे गृहीत धरतात. मृदेतील सूक्ष्मजीवांच्या बाजूने पाहिल्यास हे गृहीत टिकत नाही. मृगाच्या पहिल्या पावसात चरणे, भाद्रपदात चरणे आणि चैत्रात चरणे या मातीच्या दृष्टीने तीन भिन्न क्रिया होत. आणि या तिहींपेक्षाही अधिक निर्णायक गोष्ट अशी की, माळावर खाल्लेल्या गवताचे शेण शेवटी कोठे पडते.

प्रथम भूमीची रचना लक्षात घेतली पाहिजे. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याचा जळगाव जामोद व संग्रामपूरकडील पट्टा आहे, मध्ये पूर्णेच्या खोऱ्याची खोल काळी जमीन आहे, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरील उंचवटा आहे, जेथे पैनगंगा उगम पावते. खोल काळी जमीन कपाशी, तूर व सोयाबीन यांनी व्यापली आहे. गवत उरले ते घाटाच्या उतारांवर आणि बरड, मुरमाड जमिनीवर; तेथे मातीचा थर कोठे वीतभर, तर कोठे तेवढाही नाही. उर्वरित महाराष्ट्रात जिला गायरान म्हणतात तिला वऱ्हाडात महसुलाच्या भाषेवरून ‘ई-क्लास’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि गावगाड्यातील बहुतेक चराई या जमिनीवरच होते. वऱ्हाडच्या जुन्या वनव्यवस्थेत इमारती लाकूड व जळण यांसाठी राखलेली जंगले वेगळी, गवतासाठी राखलेले रमणे वेगळे आणि चराईस खुली असलेली राने वेगळी, असा भेद केला जात असे. रमण्यातले गवत कापून नेत, खुल्या रानातले गुरे खात. हा भेद केवळ प्रशासकीय वाटला तरी मातीच्या दृष्टीने त्यास मोठा अर्थ आहे.

गवतांच्या वर्गीकरणात हा सर्व प्रदेश सेहिमा–डायकॅन्थियम या प्रकारात मोडतो. दाबडघाव व शंकरनारायण यांच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय गवत-आवरणाच्या ग्रंथात द्वीपकल्पाचा मोठा भाग याच प्रकाराखाली येतो. पवन्या व मारवेल ही बहुवर्षायू गवते या माळाचे चांगले दिवस दर्शवितात. चराईचा ताण वाढला म्हणजे कुसळीचे प्रमाण वाढते. ताण तसाच चालू राहिला म्हणजे उथळ मुळांची एकवर्षायू गवते आणि तरोट्यासारखी गुरे न खाणारी झुडपे उरतात. डोळ्यांस दिसणारा बदल तो एवढाच. त्याखाली न दिसणारा बदल कसा होतो, हे समजण्यासाठी मृदेतील जीवांचे वार्षिक चक्र पाहिले पाहिजे.

मृदेतील सूक्ष्मजीवांचे एकंदर वस्तुमान मोठे नसते. सेंद्रिय कर्बाचा साधारणतः शेकडा एक ते चार एवढाच अंश जिवंत सूक्ष्मजीवांच्या देहात असतो. पण वनस्पतींस लागणारे नत्र व स्फुरद सेंद्रिय द्रव्यातून मोकळे व्हावयाचे तर ते बव्हंशी या अल्प अंशाच्या हातूनच. जिवाणू, बुरशी, आर्किया, त्यांस खाणारे आदिजीव व सूत्रकृमी असे हे एक लहानसे पण अखंड उलाढाल करणारे भांडार आहे. बुलढाण्यात वर्षाचा बहुतेक पाऊस, सरासरीने सातशे ते नऊशे मिलिमीटर, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात पूर्णेच्या खोऱ्यात पारा चाळीस अंशांच्या वर राहतो. अशा हवामानात हे भांडार वर्षभर सारख्या गतीने चालणे शक्यच नाही.

ते कसे चालते, यावर काशी हिंदू विश्वविद्यालयातील जे. एस. सिंह, ए. एस. रघुवंशी, आर. एस. सिंह व एस. सी. श्रीवास्तव यांच्या कामाने प्रकाश टाकला. विंध्य प्रदेशातील शुष्क पानझडी वने व गवताळ राने यांच्या मातीचा त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सर्वसामान्य अपेक्षा अशी की पावसाळ्यात ओल असते, म्हणून सूक्ष्मजीवही तेव्हाच सर्वांत अधिक असावेत. प्रत्यक्षात उलटे आढळले. सूक्ष्मजीवांच्या देहातील कर्ब, नत्र व स्फुरद यांचे प्रमाण कोरड्या ऋतूत सर्वाधिक, तर पावसाळ्यात सर्वांत कमी होते. कोरड्या महिन्यांत वनस्पती जवळजवळ काहीच घेत नाहीत, तेव्हा पोषकद्रव्ये सूक्ष्मजीवांच्या देहात साठून राहतात; पाऊस पडताच ती मोकळी होतात, आणि नेमकी त्याच वेळी गवताची वाढ सुरू होते. निकस मातीत ही सांगड नसती तर पहिल्या पावसाबरोबरच नत्र वाहून गेले असते.

पहिल्या सरीनंतरच्या या उसळीचे वर्णन त्यापूर्वीच एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतील मातीवरून केले होते, व १९५८ मध्ये ते प्रसिद्ध झाले होते. सुकलेली माती भिजविली असता तिचे श्वसन एकाएकी वाढते, कर्बद्विप्राणिद वायू बाहेर पडतो, आणि वनस्पतींस घेता येईल असे नत्र मोकळे होते. माती अधिक काळ कोरडी राहिलेली असेल तर ही उसळी अधिक मोठी असते. सूक्ष्मजीवांपैकी काही ओलीच्या आकस्मिक धक्क्याने फुटून मरतात आणि उरलेले त्यांच्या अवशेषांवर वाढतात. मृगाच्या सरीनंतर मातीस जो सुगंध येतो, तोही अंशतः स्ट्रेप्टोमायसिस वर्गातील जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो. कवींनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. मृदाशास्त्रज्ञाने त्यास वर्षातील नत्राच्या सर्वांत मोठ्या उलाढालीची सूचना समजावे.

आता गुरांचा विचार या चक्रात बसवून पाहावा. मृग बरसला, माळ हिरवा दिसू लागला, की चैत्र–वैशाखात कडब्यावर व काडीवर काढलेली गुरे त्या कोवळ्या गवतावर तुटून पडतात. गुराख्यास दोष देण्याचे कारण नाही. त्याच्यापाशी तेव्हा दुसरे काही नसते. परंतु मातीत नत्र मोकळे होण्याचा आणि ते उचलण्यासाठी गवताला मुळे व पाने यांची सर्वाधिक गरज असण्याचा काळ हाच असतो. बहुवर्षायू गवत या सुमारास जुन्या खुंटातील साठ्यावर फुटलेले असते. ते फुटवे पुन्हा पुन्हा खाल्ले गेले तर मुळांची वाढ थांबते, आणि मोकळे झालेले नत्र घेणारा कोणी उरत नाही. नायट्रेटरूपातील नत्र पाण्याबरोबर मुरमातून खाली उतरते किंवा साचलेल्या ओलीत विनायट्रीकरणाने वायुरूप होते. विंध्य प्रदेशातील निष्कर्ष आणि वनस्पतींच्या शरीरक्रिया यांची जुळणी करून काढलेले हे अनुमान आहे. पण बुलढाण्याच्या हवामानाशी ते इतके सुसंगत आहे की त्याची उपेक्षा करून चराईविषयी बोलणे योग्य होणार नाही.

खुरांचा परिणामही याच काळात सर्वांत वाईट होतो. काळ्या मातीतील स्मेक्टाइट वर्गाची चिकणमाती ओली असता लोण्यासारखी दबते. तिच्यातील हवेच्या पोकळ्या बुजतात, प्राणवायू कमी पडतो, आणि विनायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंस अनुकूल स्थिती मिळते. बुरशीचे लांब तंतू तुटतात, तर लहान छिद्रांत राहणारे जिवाणू त्या मानाने सुरक्षित असतात. उन्हाळ्यात हीच माती भेगाळून आपली आपण उलथापालथ करते, त्यामुळे त्या वेळच्या तुडवणीचे व्रण पुष्कळ अंशी भरून निघतात. मुरमाड उतारावर दबण्याचा दोष कमी, पण सैल झालेली माती पहिल्या जोरदार पावसात धुपून जाण्याचा धोका अधिक. वीतभर थरातून बोटभर माती गेली तर सूक्ष्मजीवांनी भरलेला सर्वांत समृद्ध भाग गेला, असे समजावे.

श्रावणानंतर मात्र चित्र पालटते. गवत वाढीच्या भरात असताना पाने खाल्ली गेली तर काय होते, याचा एक सुंदर प्रयोग हॅमिल्टन व फ्रँक यांनी अमेरिकेतील यलोस्टोन येथील एका गवतावर करून २००१ मध्ये प्रसिद्ध केला. कर्बाच्या जड समस्थानिकाने खूण केलेला वायू गवतास देऊन नंतर पाने कापली असता, पानांत तयार झालेल्या शर्करांचा अधिक भाग मुळांतून मातीत पाझरू लागला. मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवांस हे खाद्य मिळताच त्यांचे वस्तुमान वाढले, त्यांनी सेंद्रिय द्रव्यातील नत्र मोकळे केले, आणि ते नत्र गवताने उचलले. म्हणजे कापले गेलेले गवत सूक्ष्मजीवांस पोसून आपलेच खत तयार करवून घेते. प्रत्येक जातीचे गवत असेच वागते असे मात्र नाही. काही गवते पाने गमावल्यावर मुळे आखडून घेतात आणि तेथे उलट परिणाम दिसतो. यलोस्टोनचे ते गवत चराई सोसणारे होते, ही गोष्ट विसरता कामा नये. तरीही चराई म्हणजे मातीची हानीच, या समजुतीस हा प्रयोग पुरेसे उत्तर आहे.

बार्डगेट व वॉर्डल यांनी २००३ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा परामर्श घेऊन एक उपयुक्त भेद केला. सुपीक मातीत चराई सोसणारी, नत्रयुक्त पानांची गवते असतात. तेथे चराई सूक्ष्मजीवांचे चक्र गतिमान करते. निकस मातीत जनावरे चांगली झाडे निवडून खातात व निकृष्ट, मंद कुजणारी झाडे उरतात. तेथे तीच चराई चक्र मंदावते. पवन्या व मारवेल यांचा माळ पहिल्या बाजूस आहे. कुसळी व तरोटा यांचा माळ दुसऱ्या बाजूस घसरतो आहे. यावरून असे दिसते की एकाच गावाच्या दोन ई-क्लास तुकड्यांवर गुरांची संख्या सारखी असूनही परिणाम परस्परविरुद्ध होऊ शकतील.

कोरड्या ऋतूत जनावर आणखी एक काम करते, ज्याकडे क्वचितच लक्ष जाते. चैत्र–वैशाखात मातीत ओल नाही, म्हणून पाचोळा कुजत नाही. त्यावर वाळवीचाच काय तो अंमल असतो. परंतु गाईच्या, म्हशीच्या व शेळीच्या ओटीपोटात, म्हणजे रुमेनमध्ये, बाहेर कितीही शुष्कता असली तरी ओल व सुमारे एकोणचाळीस अंशांची उष्णता कायम असते. तेथील जिवाणू, आदिजीव व बुरशी कुसळीच्या राठ काडीचेही विघटन करतात. पूर्णाथडी म्हैस किंवा बेरारी शेळी ही या अर्थाने मे महिन्यातही न सुकणारा मातीचा एक चालता तुकडाच होय. हे काम झाले नाही तर वाळलेले गवत उभेच राहते आणि वणव्यात त्याचे नत्र वायुरूपाने निघून जाते. ॲलन सेव्हरी यांच्यासारख्यांनी या एका तत्त्वावर मोठ्या कळपांच्या साहाय्याने वाळवंटे हिरवी करण्याची भाषा केली. नियंत्रित प्रयोगांनी तेवढ्या मोठ्या दाव्यास दुजोरा दिलेला नाही. मूळ तत्त्व मात्र खोटे ठरत नाही.

येथे शेणाचा प्रश्न येतो, आणि बुलढाण्याच्या संदर्भात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जनावराने खाल्लेल्या नत्रापैकी तीनचतुर्थांशाहून अधिक भाग शेण व मूत्र यांतून परत येतो. मूत्रातील युरियाचे युरीएज या विकराने एकदोन दिवसांत अमोनियात रूपांतर होते; मग अमोनियाचे ऑक्सीकरण करणारे जिवाणू व आर्किया त्याचे नायट्रेट करतात. येथील माती मुळातच अल्कधर्मी आणि हवा उष्ण, त्यामुळे अमोनिया उडून जाण्याचे प्रमाण अधिक. सुदैवाने वाळल्या गवतात प्रथिने अत्यल्प असल्याने उन्हाळ्यात नत्राचा मोठा वाटा मूत्राऐवजी शेणात जातो, जेथे तो सेंद्रिय रूपात टिकतो आणि शेणकिडे तो मातीत पुरतात. परजीवींवरील आयव्हरमेक्टिनसारखी औषधे दिलेल्या जनावरांच्या शेणात या किड्यांच्या अळ्या नीट वाढत नाहीत, ही अलीकडची अडचण होय.

पण ते शेण माळावर पडते किती? सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशात मॅकनॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले की वन्य तृणभक्षक ज्या जागी चरतात तेथेच पोषकद्रव्यांचे चक्र वेगवान करतात, व त्या जागा अधिकच पौष्टिक होतात. त्या प्राण्यांस गोठा नसतो. बुलढाण्यातील गाय सकाळी आखरावरून निघते आणि दिवे लागणीस परतते. ती आठ तास माळावर राहिली असे धरले, आणि शेण चोवीस तासांत साधारण सारखे पडते असे धरले, तर एकतृतीयांश शेण माळावर व दोनतृतीयांश गोठ्यात पडेल. माळावरच्या एकतृतीयांशापैकीही पुष्कळसे टोपल्यांतून वेचून गोवऱ्यांसाठी नेले जाते. गोठ्यातले शेण उकिरड्यावरून काळ्या शेतात जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे. उन्हाळ्यात धनगरांकडून शेतात मेंढ्या बसविण्याचा व्यवहारही त्याच जातीचा : दिवसा रानात चरलेल्या मेंढ्यांच्या लेंड्या व मूत्र रात्री शेतास मिळते. या सर्व व्यवहारात माळ हा देणारा आणि शेत घेणारे, असे शतकानुशतके चालत आले आहे. माळाची माती निकस झाली ती केवळ गुरांनी गवत खाल्ले म्हणून नव्हे; खाल्लेले परत आले नाही म्हणून. आखराची माती एकदा तपासून पाहिली तर माळाचे हरवलेले नत्र कोठे साठले याचा काही भाग तेथे सापडेल.

चराईबंदीचा विचार या हिशेबाने केला पाहिजे. बंदीनंतर गवत कापून गोठ्यात घालण्याची पद्धत सुरू होते; म्हणजे खुले रान रमणा बनते. उगवतीच्या काळात गवतास विसावा मिळतो, मुळे खोल जातात, खुरांची तुडवण थांबते, हे मोठे लाभ खरेच आहेत. पण कापलेल्या गवताबरोबर नत्र पूर्णपणे बाहेर जाते. उरलेले एकतृतीयांशही माळास मिळत नाही. पहिली काही वर्षे हिरवळ दिसेल, कारण मूळची हानी थांबलेली असते. पुढे सूक्ष्मजीवांचे भांडार कशावर जगेल, हा प्रश्न उरतो.

गुरे अजिबात काढून घेतल्यास काय होते, याचा दीर्घ मुदतीचा भारतीय प्रयोग हिमाचल प्रदेशातील स्पितीत झाला आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील सुमंत बागची व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पासून काही तुकड्यांस कुंपण घालून सोळा वर्षे निरीक्षण केले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कुंपणाआतील, म्हणजे न चरलेल्या, मातीतील कर्बाचे प्रमाण वर्षागणिक तीस ते चाळीस टक्के अधिक हेलकावे खात होते. चरलेल्या मातीत ते अधिक स्थिर होते, आणि त्याचा संबंध नत्राशी दिसला. त्याच गटाने २०२३ मध्ये वन्य प्राणी व पाळीव गुरे यांच्या चराईची तुलना केली. पाळीव गुरांच्या जागी सूक्ष्मजीवांची कर्ब साठविण्याची कार्यक्षमता कमी आढळली, आणि जनावरांस दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा अंश हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून पुढे आले. स्पिती हे उंच व थंड वाळवंट; बुलढाण्याचा उतार उष्ण व मोसमी. निष्कर्ष जसेच्या तसे आणता येणार नाहीत. पण तुलनेची रीत आणता येईल. बुलढाणा व खामगाव यांच्यामधील, १९९७ मध्ये घोषित झालेल्या ज्ञानगंगा अभयारण्यात नीलगाय व चिंकारा चरतात आणि लगतच्या गावांच्या माळांवर गुरे चरतात. तोच खडक, तोच पाऊस, निराळे तोंड आणि निराळा गोठा.

पूर्ण बंदी व पूर्ण मोकळीक यांच्या मधला मार्ग या विवेचनातून दिसतो, तो असा. मृगापासून गवताची मुळे बसेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा आठवडे, माळ बंद ठेवावा. नंतर तो आळीपाळीने खुला करावा. आणि उन्हाळ्यात काही रात्री तरी कळप शेताऐवजी माळावरच बसवावा. यातील पहिली गोष्ट सर्वांत कठीण आहे. त्या आठवड्यांत गुरांनी खावयाचे काय, याची तजवीज मागील हंगामाच्या कडब्यातून करावी लागेल, आणि भूमिहीन पशुपालकाजवळ कडबा नसतो. त्याची सोय न करता काढलेली बंदी रात्रीच्या चराईस आमंत्रण देते, आणि सूक्ष्मजीवांस दिवस व रात्र यांतला भेद नसतो.

या विषयावर प्रबंध करू इच्छिणाऱ्यांनी नमुने घेण्याच्या तारखेविषयी विशेष सावध असावे. जेंकिन्सन व पॉवल्सन यांनी १९७६ मध्ये मांडलेली क्लोरोफॉर्म-धुरीची पद्धत आजही सूक्ष्मजीवांचे वस्तुमान मोजण्यास वापरली जाते. पण चरलेल्या माळाचा नमुना मे महिन्यात व राखलेल्या माळाचा ऑगस्टमध्ये घेतला तर जो फरक आढळेल तो गुरांचा नसून पावसाचा असेल. वर्षातून एकदाच नमुने घ्यावयाचे झाल्यास दोन्ही जागी एकाच दिवशी घ्यावेत. अधिक चांगले म्हणजे चार वेळा : मेअखेर कोरड्या मातीत, पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याच्या आत, भाद्रपदात आणि गवत वाळल्यावर. त्यांपैकी दुसरी वेळ चुकली तर वर्ष वाया गेले असे समजावे, कारण तो पाऊस कोणत्या दिवशी पडेल हे आधी सांगता येत नाही, आणि नत्राची उसळी काही दिवसांतच ओसरते. शेण पडलेल्या व न पडलेल्या जागांचे नमुने एकत्र मिसळू नयेत. आणि प्रत्येक गावात आखराचा एक नमुना अवश्य घ्यावा.